शेजारी दुसरे मेडिकल नव्हते

माझा धाकटा भाऊ वसंत मंगळवारी सकाळी आपल्या मेडिकल दुकानात, काउंटरमागे, वारला. दुकान त्या दिवशी बंद झाले.

दुकान पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात, मळेखिंड नावाच्या गावात होते. एस.टी. तिथे संपते. पुढे डोंगर, आणि डोंगरात वाड्या. भूकंपानंतर बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांपैकी दोन खोल्या वसंताने भाड्याने घेतल्या होत्या. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत तो आणि आई.

मी तेव्हा सांगलीत फार्मसिस्ट होतो. हा शब्द पुष्कळांना नीट माहीत नसतो. चिठ्ठी वाचून औषध देणाऱ्याला शहरात कंपाउंडर म्हणतात आणि खेड्यात डॉक्टर. आम्ही दोन्ही नसतो. आम्ही औषधशास्त्राचा डिप्लोमा केलेला असतो, आमचे नाव सरकारी रजिस्टरात असते. आमचे सर्टिफिकेट भिंतीवर लावल्याशिवाय मेडिकलला लायसन मिळत नाही. कायद्याचे म्हणणे सरळ आहे. औषध विकायचे तर ते ओळखणारा माणूस दुकानात हवा. माणूस नसेल तर दुकान नको.

सांगलीत हा कायदा कुणाला टोचत नाही. हॉस्पिटलच्या रस्त्यावर मेडिकलला लागून मेडिकल आहे. एकात औषध नसले तर गिऱ्हाईक पायरी उतरून शेजारची पायरी चढते. काही दुकानांत सर्टिफिकेट असते आणि त्यावरचा माणूस नसतो. तो आपल्या गावी द्राक्षबाग बघत असतो. मळेखिंडीत एकच सर्टिफिकेट होते, आणि त्याच्याखाली तोच माणूस बसलेला असे.

वसंता तिथे कसा गेला, हे थोडक्यात सांगतो. आम्ही मूळचे वाईचे. वडील शाळामास्तर होते. आम्ही दोघेही लग्नाच्या भानगडीत पडलो नाही. मी पुस्तकांमुळे, तो कशामुळे ते त्याने सांगितले नाही. भूकंप झाला तेव्हा मदतीला गेलेल्या लोकांबरोबर तो औषधांच्या पेट्या लावायला म्हणून गेला. काम संपल्यावर परत आला. नंतर एकदा जेवताना म्हणाला, "दादा, तिथे डोकेदुखीच्या गोळीसाठी माणसं पाटणला चालत येतात. ती परत पोचेपर्यंत पुन्हा डोकं दुखत असेल." मग आईला घेऊन तो कायमचा तिकडे गेला. फ्रीज नसेल तर लायसन नाही, म्हणून त्याने जुना फ्रीज एस.टी.च्या टपावर बांधून नेला. वीज असेल तेव्हा तो चाले. धरण जवळच होते, पण वीज रोज असेच असे नाही.

आमच्या सांगलीच्या दुकानात फोन होता. पाटणहून ट्रंक कॉल आला. मालकांनी घेतला, ऐकला, आणि माझ्याकडे न देताच खाली ठेवला.

"माधवराव, कोट घाला," ते म्हणाले. "तुमचा वसंता गेला."

मी विचारले, "कुठे?"

मालकांनी माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली. तेवढ्याने मला कळले.

"कराडला गाडी बदला," ते म्हणाले. "इकडची काळजी करू नका. सगळे दिवस नीट करून या." मला दारापर्यंत सोडायला आले आणि अडखळत म्हणाले, "पण झाल्यावर लगेच या."

ऊन कलता कलता मी पोचलो. नदीकाठी सगळी तयारी झालेली होती, माझीच वाट होती. तिथे मी काय केले ते मला सलग आठवत नाही. परतलो तेव्हा शेजाऱ्यांनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या होत्या. मी आत जाऊन एक पांढरा कागद घेतला. त्यावर लिहिले, "दुःखद निधनामुळे दुकान बंद आहे." बाटल्यांना लेबले चिकटवायचा डिंक होता, त्याने तो कागद फळीवर चिकटवला.

आदल्या वर्षी आमच्या मालकांच्या मातोश्री वारल्या, तेव्हा सांगलीत असाच कागद मीच लिहिला होता. शब्द तेच. त्या वेळी तेरावे होईपर्यंत दुकान बंद होते आणि कुणाचेही काही अडले नाही. शेजारच्या तिन्ही दुकानांचा धंदा वाढला. मालकांना घोर होता तो एवढाच की, तिकडे गेलेली गिऱ्हाइके परत येतील की नाही. ती आली.

मळेखिंडीत आमची भाऊकी नव्हती, पण घर रिकामे राहिले नाही. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे अन्न आणतात. सकाळी एक घर, संध्याकाळी दुसरे. वरच्या वाड्यांतली माणसेसुद्धा उतरून आली. भिंतीला टेकून बसत. आमच्याकडचे पाणी घेत नसत. सुतकाच्या घरचे घेत नाहीत. वसंताविषयी बोलत, आणि ज्या वसंताविषयी बोलत तो मला अर्धाच माहीत होता.

तात्या नावाचे एक म्हातारे होते. दम्याचे होते. बसले की त्यांची छाती वाजे. कानावर बिडी ठेवलेली असे.

"थोरलं भाऊ," ते मला म्हणाले, "तुमचा भाऊ लय हट्टी. मला म्हनायचा, तात्या, आदी बिडी सोडा, मग औशिद देतो. मी म्हनायचो, आदी औशिद दे, मग बिडी सोडतो."

"मग?"

"मग काय, दोगं बी हटलो न्हाई. तो औशिद द्यायचा, मी बिडी वडायचो. आन पुन्यांदा भांडान."

कुणीतरी हसले. आईसुद्धा.

रोज न चुकता येत ती एक बाई. हौसाबाई. आमच्या समोरच्याच ओळीत त्यांची खोली होती. नवरा मिलिटरीत, आसामच्या बाजूला. घरात जाऊ, सासू, आणि शालन नावाची आठ-नऊ वर्षांची मुलगी. हौसाबाई सकाळी नाचणीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे घेऊन येत. भांडे उतरवून आईजवळ बसत.

"आक्का, एक घास तरी घ्या. भाऊंनी तुमास्नी उपाशी ऱ्हाऊ दिलं असतं व्हय?"

आई घास घेई. मग विचारी, "तुझी पोर बरी आहे ना गं?"

"बरी हाय की. तिचं काय." हौसाबाई पदराचे टोक हातात घेऊन बसलेल्या असत. टोकाला गाठ मारलेली होती. बोलताना ती गाठ त्या बोटांनी चाचपत. बायका पदराला पैसे बांधतात, सुपारी बांधतात. मी ती गाठ रोज बघत होतो.

दुसऱ्या दिवशीही आईने तेच विचारले आणि तिसऱ्याही दिवशी. उत्तर तेच आले. "बरी हाय."

शालनला फिट येत असत, हे मला नंतर कळले. आईला माहीत होते. म्हणूनच ती विचारत होती. पण आईला औषधांतले कळत नव्हते, आणि ज्याला कळत होते त्या मला शालन माहीत नव्हती. वसंता आपले पेशंट डोक्यात ठेवत असे. कोणाच्या गोळ्या कधी संपतात ते त्याला विचारावे लागत नसे. माणूस आला नाही तर तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून हाक मारी, नाहीतर एस.टी.च्या कंडक्टरजवळ निरोप देई.

दहावा अजून व्हायचा होता. एका सकाळी भाकरी घेऊन हौसाबाई आल्या नाहीत, त्यांची जाऊ आली.

"हौसा का नाही आली?" आईने विचारले.

"तिला आज जमायचं न्हाई, आक्का. पोरीला झटकं येत्यात."

मी कोपऱ्यात वाचत बसलो होतो. पुस्तक खाली ठेवले. "कसले झटके? कधीपासून?"

"तांबडं फुटायच्या आदीपासनं. एक सरला की दुसरा."

"आधी येत होते?"

"लानपनी यायचं. मग भाऊंच्या गोळीनं गेलं व्हतं."

"आता गोळी दिली?"

"गोळी कुटली ओ? सपल्या न्हवं का त्या. भाऊ गेलं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिशी."

"मग मागायची..." मी म्हणालो. ती बाई जमिनीकडे बघू लागली.

इथे थोडे समजावून सांगतो. फिटच्या गोळीचे नाव फेनोबार्बिटोन. स्वस्त गोळी, बारीक, पांढरी. मोठ्या बाटलीत सुटी येते. आम्ही मोजून कागदाच्या पुडीत बांधून देतो. ही गोळी आजार काढून टाकत नाही, दाबून ठेवते. रोज घेतली तर मूल शाळेत जाते, खेळते, आणि घरच्यांना वाटू लागते की आजार गेला. गोळी कमी करायची झाली तर हळूहळू करावी लागते. एकदम तुटली तर दाबलेला आजार दुपटीने उसळतो. मग एक झटका थांबून मूल शुद्धीवर येण्याआधी दुसरा येतो. तो पोटातल्या गोळीने आवरत नाही. इंजेक्शन लागते, आणि डॉक्टर लागतो.

आमच्या मागच्या खोलीतून दुकानात जायला आतून दार होते. ज्या भिंतीला टेकून हौसाबाई रोज बसत, तिच्या पलीकडच्या कपाटात ती बाटली होती. मी तीच बाटली घेऊन धावलो, हे खरे तर निरर्थक होते.

शालन घोंगडीवर होती. हौसाबाईंच्या सासूने तिच्या हातात लोखंडी विळी धरून ठेवली होती, कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला होता. दातखीळ बसली होती. अशा वेळी तोंडात गोळी घालता येत नाही; ती श्वासनळीत जाते. मी मुलीला कुशीवर वळवले, विळी बाजूला केली आणि म्हणालो, "पाटणला न्यायला हवं. आत्ता."

सकाळची एस.टी. उभी होती. ड्रायव्हरला दुसरे काही सांगावे लागले नाही. त्याने मुलीकडे एकदा बघितले.

"बसा. आज मधी थांबा न्हाई."

गाडीत माणसे होती. भाजीच्या पाट्या होत्या. ज्याला मधल्या गावी उतरायचे होते त्यानेही घंटीच्या दोरीला हात लावला नाही. वाटेतल्या थांब्यांवर माणसे हात दाखवत उभी होती, ती मागे पडत गेली. हौसाबाईंच्या मांडीवर मुलीचे डोके होते, पाय माझ्या मांडीवर. त्या सारख्या म्हणत होत्या, "शाले, आगं शाले, भाऊंचं थोरलं भाऊ हाईत बग संगं."

आधी झटक्यांमधले अंतर कमी होत गेले. मग झटके थांबले.

"निजली," हौसाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा सैल झाला. "लय दमली व्हती. निजली बगा."

माझ्या हाताखालचे मुलीचे पाऊल गार पडत चालले होते. मी ते दोन्ही हातांत धरले. पाटण यायला अजून दोन वळणे होती.

पाटणच्या दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांच्याकडे इंजेक्शनही होते. डॉक्टरांनी मुलीचा हात हातात घेतला, डोळे उघडून बघितले, आणि मग इंजेक्शनची पेटी त्यांनी उघडली नाही.

परत येताना गाडी सगळ्या थांब्यांवर थांबली.

त्या प्रवासात हौसाबाईंनी पदराची गाठ सोडली. आत घडी घातलेला कागद होता. वसंताची पुडी. रिकामी. वर त्याच्या अक्षरात "शालन, रात्री एक".

"रोज आनत व्हते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुमी इचारलं तर दावावं."

"हौसाबाई, मागितली का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला एवढे कळू नये, असे ते नवल होते.

"आवं, तुमच्या घरातलं मानूस मेलेलं. तितं बसून आमचं गाऱ्हानं कसं काडायचं? आक्का रोज इचारायच्या, पोर कशी हाय. त्यास्नी काय सांगू? त्यांचा ल्योक गेला आन मी माझ्या लेकीचं सांगत बसू?" मग म्हणाल्या, "आन पोर बरी व्हती हो. कवाधरनं झटका न्हवता. म्हटलं, चार रोज गोळी न्हाई तर काय व्हतंय. भाऊंचं सगळं नीट व्हऊ दे."

पुडीचा कागद त्यांनी पुन्हा घडी करून पदराला बांधला.

त्या संध्याकाळी आईने चूल पेटवली. सुतक अजून संपायचे होते. तिने भाकरी थापली, पिठले केले, भांडे पदराखाली घेतले आणि समोरच्या खोलीकडे निघाली. दारात हौसाबाईंची जाऊ उभी होती. ती संकोचून म्हणाली, "आक्का, तुमच्या घरातलं... सुतकातलं कसं..."

"तुमच्या घरीही सुतकच आहे," आई म्हणाली. "आम्हां दोघींना चालतं."

ती आत गेली. बऱ्याच वेळाने परत आली. भांडे रिकामे होते. हात धुऊन ती मला म्हणाली, "फळ्या काढ."

मी कागद फाडला आणि फळ्या काढल्या. इतक्या दिवसांचा कोंडलेला वास बाहेर आला. वसंताच्या दुकानाचा वास मला माहीत होता. ओव्याच्या अर्काचा, कार्बोलिकचा. दिवा लावला. मी स्टुलावर बसलो तोवर दारात माणसे उभी होती.

क्षयाचे औषध अर्धवट सुटलेली एक म्हातारी होती. कानातून पू येणारे मूल होते. एका बाईला बाळंतपणानंतर रक्तवाढीच्या गोळ्या चालू होत्या, त्या तुटल्या होत्या. वरच्या टोळेवाडीहून एक बाप आला होता. त्याच्या मुलाला शालनचीच गोळी होती आणि त्याच्या पुडीत दोनच उरल्या होत्या. यांतला प्रत्येक जण आमच्याकडे भेटायला येऊन, भिंतीला टेकून बसून गेला होता. औषधाचा विषय एकानेही काढला नव्हता. मी चिठ्ठ्या मागितल्या. ज्यांच्या पाटणला राहिल्या होत्या त्यांच्या जुन्या पुड्या बघितल्या, आणि देत गेलो.

सर्वांत शेवटी तात्या आले. दारापासून काउंटरपर्यंत येताना दोनदा थांबले.

"तात्या, एवढा दम लागतोय, आणि रोज येऊन बसत होतात."

"माझं काय घाईचं न्हवतं," ते म्हणाले. मी गोळ्या बांधल्या. त्यांनी कानावरची बिडी काढून काउंटरवर ठेवली. "घ्या. भाऊ जिकला म्हनावं."

सुतकाचे दिवस संपल्यावर मी साताऱ्याला ड्रग इन्स्पेक्टरांकडे गेलो. मेडिकलची लायसने ते देतात, तपासणीही तेच करतात. मध्यम वयाचे, थकलेले गृहस्थ होते. वसंताला ते ओळखत होते.

"लायसन तुमच्या भावाच्या नावावर. ते वारले, लायसन संपलं. दुकान बंद आहे ना?"

"उघडलं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवले. "हे मी ऐकलेलं नाही. नवा अर्ज करा. तिथे कोण बसणार?"

"दुसरा फार्मसिस्ट मिळेपर्यंत मी."

"मिळणार नाही. याआधी मी सांगलीला होतो. एकेका पेठेतून मेडिकलचे अर्ज यायचे. एकाच्या भिंतीला भिंत लावून दुसरं. वर खोऱ्यातून मला एकच अर्ज आला, तुमच्या भावाचा."

"मग पेठेतल्यांना तिकडे जा म्हणून सांगता येत नाही?"

"कायद्यात जागा किती चौरस फूट हवी ते आहे. फ्रीज हवा ते आहे. माणूस हवा ते आहे. कोणत्या गावात दुकान हवं, ते कुठेही लिहिलेलं नाही." ते खिडकीबाहेर बघत होते. "मी लायसन देतो. माणसं देत नाही."

अर्ज त्यांनी माझ्यासमोरच नोंदवून घेतला. त्यांच्या हातात होते तेवढे त्यांनी केले.

सांगलीत मी ओळखीच्या फार्मसिस्टांना विचारत फिरलो. एक म्हणाला, "तिथे संध्याकाळी माणसानं करायचं काय?" एकाची बायको आतून म्हणाली, "त्यांना जायचं असेल तर जाऊ देत, मी माहेरी जाईन." एक जण मात्र लगेच तयार झाला. "सर्टिफिकेट ना? घेऊन जा की. मी कशाला यायला हवा?" तो विनोद करत नव्हता.

राहता राहिले आमचे मालक. त्यांना सगळे सांगितले. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"माधवराव, तुम्ही गेलात तर मला उद्या दुसरा मिळेल," ते म्हणाले. "तिथे नाही मिळणार. जा. परत यावंसं वाटलं तर या."

मी माझे सर्टिफिकेट काढून घेतले आणि मळेखिंडीत वसंताचे होते त्या खिळ्याला टांगले.

तिथे मी बसलो. मला वसंतासारखे गोड बोलता येत नव्हते. माणसे आधी बिचकून असत. मग सवय झाली. हौसाबाई दुकानात येत, पण स्वतःसाठी कधी नाही. आठवड्याच्या बाजारादिवशी पायरीवर उभ्या राहून विचारत, "टोळेवाडीच्या पोराच्या गोळ्या न्हेल्या का ओ?" नेल्या नसतील तर पुडी पदराला बांधून त्या डोंगर चढून देऊन येत. एकदा मी म्हणालो, मी निरोप पाठवला आहे, तुम्ही कशाला पायपीट करता? त्या म्हणाल्या, "निरूप ग्येला तरी मानूस मागाया येतंय का? तुमास्नी ठावं हाय न्हवं." आणि निघाल्या.

वर्ष उलटले. दुसऱ्या पावसाळ्यात आईला अर्धांगवायू झाला. पाटणच्या डॉक्टरांनी सांगितले की इथे काही होणार नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि तिथेच जवळ राहा. त्याच एस.टी.ने मी तिला खाली आणले. त्याच ड्रायव्हरने. आईला दवाखान्यापासून दूर ठेवता येत नव्हते, म्हणून जिथे दवाखाना नव्हता तिथले दुकान मी सोडले आणि मालकांकडे सांगलीला परत आलो. पुष्कळ विचार करूनही यातून मला दुसरी वाट दिसली नाही. माल कराडच्या होलसेलरने परत नेला. फ्रीज त्याला नको होता.

निघायच्या दिवशी गावची माणसे आली होती. दुकान बंद करू नका, असे कुणीही म्हणाले नाही. माझी आई आजारी होती. तिथे ते आपले गाऱ्हाणे कसे काढणार?

या धंद्यात मी पुष्कळ वर्षे आहे. त्यात शिकलो ते एवढेच: दुकान बंद ठेवून दुःख पाळणे शेजारी दुसरे दुकान असणाऱ्यांना परवडते. आणि ज्याच्या गावात एकच दुकान आहे तो माणूस मागत नाही, त्याला विचारावे लागते, आणि "बरी हाय" म्हणाला तरी पुन्हा विचारावे लागते.

आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. मालकांनी दुकान बंद ठेवले, मी नको म्हणत असताना. कुणाचे काही अडले नाही.

आई गेल्यावर मी परत मळेखिंडीत गेलो नाही; आता मी सांगलीतच आहे. त्या रस्त्यावर आणखी दोन मेडिकल निघाली आहेत. माझे सर्टिफिकेट आमच्या दुकानाच्या भिंतीवर आहे आणि मी त्याच्याखाली असतो. मळेखिंडीत मेडिकल नाही. पुढच्या खोलीत भाताची पोती असतात. भिंतीत खिळा आहे. टोळेवाडीच्या मुलाच्या गोळ्या हौसाबाई एस.टी.ने पाटणहून आणतात.